दाबलेल्या हवेचा हिशेब

हवा ही फुकटची वस्तु आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आणि श्वासोच्छ्वासापुरतें पाहिलें तर ती खोटीही नाहीं. परंतु तीच हवा दाबून लोखंडी टाकींत कोंडावयाची, तेथून रबरी नळीवाटें न्यावयाची आणि एखाद्या हत्याराच्या पोटांत सोडून तिच्याकडून काम करवून घ्यावयाचें, असें ठरविलें कीं तिचा भाव एकदम बदलतो. हवेवर चालणाऱ्या हत्यारांतून एक अश्वशक्तीचें काम घ्यावयाचें असेल, तर हवा दाबणाऱ्या यंत्रास सात ते आठ अश्वशक्तीची वीज पुरवावी लागते, असा आजच्या कारखान्यांतील साधारण हिशेब आहे. बाकीची शक्ति उष्णता, गळती आणि घर्षण यांच्या रूपानें नाहींशी होते. रुपयांतील चौदा आणे वाटेंत सांडणारा असा हा हमाल आहे. तरीही डोंगर फोडणाऱ्यांपासून मोटारीचें एंजिन घासणाऱ्यांपर्यंत अनेक कसबी लोकांनीं दीडशें वर्षांहून अधिक काळ त्याला कामावर ठेवलें आहे. असें कां व्हावें, आणि त्याला कामावर ठेवतांना कोणता हिशेब आधीं मांडावा, हें समजून घेण्यासाठीं त्याचा पूर्वेतिहास पाहणें उपयोगाचें आहे.

या इतिहासाचें अगदीं अलीकडचें टोंक एंजिनाच्या दुरुस्तीच्या कारखान्यांत सांपडतें. मोटारीचें एंजिन हा एक श्वास घेणारा प्राणीच होय. हवा आणि पेट्रोलची वाफ यांचें मिश्रण आंत घ्यावें, तें जाळावें आणि जळलेला वायु बाहेर टाकावा, हा त्याचा दिनक्रम. आंत येण्याचे व बाहेर जाण्याचे मार्ग एंजिनाच्या माथ्यावरील ओतीव धातूच्या ठोकळ्यांत, म्हणजे सिलिंडर हेडमध्यें, असतात. त्यांना पोर्ट असें म्हणतात. ओतकामांत या मार्गांच्या भिंती खडबडीत राहतात, कोठें धातूची कड पुढें आलेली असते, कोठें वळण अवघड असतें. हे दोष काढून मार्ग घडविण्याच्या कामास पोर्टिंग म्हणतात. तें करण्याचें हत्यार म्हणजे डाय ग्राइंडर. ठशांचे व सांच्यांचे पोलादी भाग घासण्यासाठीं तें प्रथम वापरांत आलें, म्हणून त्याचें नांव असें पडलें. हातांत सहज मावणारें हें हत्यार मिनिटास वीस हजारांहून अधिक फेरे घेतें, आणि त्याच्या टोंकाशीं बसविलेला दांतेरी कर्तक धातूचा कीस काढीत जातो. हें हत्यार विकत घेणारा प्रत्येक जण पुढें एकच प्रश्न विचारतो: यासाठीं कॉम्प्रेसर कोणता घ्यावा? त्या प्रश्नाच्या उत्तराचें पहिलें तत्त्व शोधावयाचें झाल्यास आल्प्स पर्वताच्या पोटांत जावें लागतें.

१८५७ सालीं ऑगस्टच्या अखेरीस इटलीकडील बार्दोनेकिया आणि फ्रान्सकडील मोदान या दोन गांवांच्या दरम्यान, आल्प्सच्या आरपार, सुमारें बारा किलोमीटर लांबीचा रेल्वेचा बोगदा खणण्यास आरंभ झाला. त्या वेळीं दोन्ही गांवें सार्डिनियाच्या एकाच राज्यांत होतीं. सव्हॉय प्रांत फ्रान्सकडे गेला तो १८६० सालीं. फ्रेजस किंवा मों सेनी या नांवांनीं हा बोगदा प्रसिद्ध आहे. बोगदा लांब असला कीं वरून ठिकठिकाणीं विहिरी खणून अनेक तोंडांनीं काम चालविण्याची तेव्हां रीत होती. परंतु येथें माथ्यावरील डोंगर दीड किलोमीटरहून अधिक उंच, त्यामुळें तो मार्ग बंद होता. दोनच तोंडें, आणि प्रत्येक तोंडाशीं घण व पहार घेतलेलीं मोजकीं माणसें. हातानें भोंकें पाडून सुरुंग उडवीत काम दिवसास सुमारें अर्धा मीटर पुढें सरके. या गतीनें काम संपण्यास तीस वर्षांहून अधिक काळ लागला असता. वाफेचें यंत्र आंत न्यावें तर त्याच्या धुरानेंच माणसें गुदमरलीं असतीं. शक्ति हवी होती, पण तिचा उगम आंत चालणार नव्हता, अशी ही अडचण होती.

जिनीव्हाचे शास्त्रज्ञ दानिएल कोलादों यांनीं १८५२ सालींच सुचविलें होतें कीं, अशा ठिकाणीं शक्ति दाबलेल्या हवेच्या रूपानें आंत न्यावी. ही सूचना प्रत्यक्षांत आणण्याचें श्रेय एंजिनियर जेर्मेन सोमेये आणि त्यांचे सहकारी ग्रांदिस व ग्रात्तोनी यांस जातें. डोंगरांतून वाहत येणाऱ्या पाण्याच्या जोरावर बोगद्याबाहेर हवा दाबावयाची, ती लोखंडी नळांतून आंत न्यावयाची आणि तिच्या धक्क्यांनीं चालणाऱ्या यंत्रांकडून खडकांत भोंकें पाडावयाचीं, अशी ही योजना होती. हवेचा दाब वातावरणाच्या सुमारें सहा पट असे. १८६१ च्या जानेवारींत बार्दोनेकियाच्या बाजूस आणि १८६३ च्या जानेवारींत मोदानच्या बाजूस यंत्रें सुरू झालीं. पहिल्या वर्षांत तीं वारंवार बिघडत. परंतु एकदां रुळल्यावर कामाची गति हाताच्या तिपटीहून अधिक झाली. शिवाय एक लाभ आपसूक पदरांत पडला. यंत्रांतून वापरून सुटलेली हवा बोगद्याच्या टोंकाशींच बाहेर पडे, आणि सुरुंगाच्या धुरानें कोंदलेल्या मजुरांना तीच श्वासाला मिळे. १८७० च्या नाताळांत दोन्ही बाजूंचे कामगार डोंगराच्या मध्यावर एकमेकांस भेटले. १८७१ च्या सप्टेंबरांत बोगदा खुला झाला. त्याच्या दोनच महिने आधीं सोमेये मरण पावले होते.

या कथेचें महत्त्व महाराष्ट्रांतील वाचकांस अधिक जाणवेल. कारण त्याच वर्षांत सह्याद्रींतही डोंगर फुटत होते. मुंबईहून पुण्याकडे जाणारी रेल्वे बोर घाटांतून वर चढविण्याचें काम १८५६ सालीं सुरू झालें व १८६३ सालीं पुरें झालें. सुमारें पंचवीस किलोमीटरांच्या चढणींत पंचवीस बोगदे कोरावे लागले. खडक काळा, कठीण, बेसाल्टचा. येथें ना दाबलेली हवा होती, ना यंत्रें होतीं. पहारीनें व छिन्नीनें भोंक पाडावें, त्यांत दारू ठासावी, बत्ती द्यावी आणि पळावें, असा क्रम सात वर्षें चालला. १८६१ सालीं या कामावर चाळीस हजारांहून अधिक माणसें होतीं. पटकीच्या सांथींनीं व अपघातांनीं त्यांतील फार मोठ्या संख्येचा बळी घेतला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हे १८५९ सालीं येथें येतांच थोड्या आठवड्यांत आजारानें वारले, आणि त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनीं कंत्राट पुढें नेलें; त्यांचें नांव इतिहासांत राहिलें. ज्यांच्या हातांनीं ते बोगदे कोरले, त्या हजारोंची नांवें मात्र कोठेंच नाहींत. आल्प्समध्यें मजूर थोडे आणि महाग, जागा अरुंद, म्हणून यंत्रावर खर्च झाला. सह्याद्रींत मजूर स्वस्त मानला गेला, म्हणून तो खर्च माणसांच्या देहांवर पडला. शक्तीचा हिशेब कोणी ना कोणी चुकता करतोच. तो कोणाच्या नांवावर लिहावयाचा, एवढाच प्रश्न असतो.

आल्प्सच्या बोगद्याची कीर्ति दूरवर पसरली. अमेरिकेंतील जॉर्ज वेस्टिंगहाउस हा तरुण त्या काळीं आगगाडीचे सर्व डबे एकदम थांबविण्याच्या युक्तीच्या शोधांत होता. वाफ लांबच्या डब्यांपर्यंत पोहोंचण्यापूर्वींच थंड होऊन तिचें पाणी होई. एका मासिकांत या बोगद्याची हकीकत त्याच्या वाचनांत आली. लांबच लांब नळांतून गेलेली हवा खडक फोडूं शकते, तर ती गाडीचीं चाकें कां थांबवूं शकणार नाहीं, असा विचार त्याच्या मनांत आला आणि १८६९ सालीं त्यानें हवेच्या ब्रेकचें पेटंट घेतलें. त्याच सुमारास अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील हूसॅक बोगद्यांतही हवेवर चालणारीं यंत्रें आलीं. तेथील काम १८५१ पासून रखडत चाललें होतें. १८६६ सालीं चार्ल्स बर्लेच्या यंत्रांचा उपयोग सुरू झाल्यावर त्याला वेग आला व १८७५ सालीं पहिली गाडी पार झाली.

येथवर हवेचा केवळ विजयच दिसतो. तिच्या मर्यादा उघड झाल्या त्या पॅरिस शहरांत. व्हिक्टर पॉप या गृहस्थानें १८८० च्या सुमारास तेथें हवेवर चालणारीं घड्याळें बसविलीं. एका मध्यवर्ती ठिकाणाहून दर मिनिटास हवेचा एक ठोका नळांतून निघे आणि शहरभरचे मिनिटकांटे एकदम पुढें सरकत. १९१० च्या जानेवारींत सीन नदीला महापूर आला आणि हवेचें यंत्रगृह बंद पडलें, तेव्हां हीं सारीं घड्याळें एकाच वेळीं थांबलीं. घड्याळांच्या पाठोपाठ पॉपनें छोट्या कारखानदारांना शक्ति म्हणूनही हवा विकण्यास आरंभ केला. शिंप्यांचीं यंत्रें, छापखाने, लिफ्ट, दंतवैद्यांचीं उपकरणें, अशा नाना कामांना ती हवा पुरविली जाई. हें जाळें पुढें इतकें रुजलें कीं तें अखेर बंद झालें तें १९९४ सालीं.

परंतु येथेंच हिशेब अंगावर आला. हवा दाबली कीं ती तापते. सायकलच्या पंपाचें टोंक तापतें तें याच कारणानें. वातावरणाच्या आठपट दाबापर्यंत हवा एका दमांत दाबली, तर तिचें उष्णतामान अडीचशें अंश सेंटिग्रेडच्या आसपास जातें. ही उष्णता म्हणजे विकत घेतलेली शक्तीच होय. पण नळांतून जातां जातां हवा निवते आणि ती शक्ति रस्त्याखालच्या मातीला दान होते. उलट हत्यारांतून सुटतांना हवा प्रसरण पावते व इतकी गार होते कीं तिच्यांतील बाष्पाचा बर्फ होऊन तोट्या बुजतात. यावर पॅरिसमध्यें दोन तोडगे निघाले. गिऱ्हाइकाच्या दाराशीं छोटी शेगडी ठेवून हवा वापरण्यापूर्वीं तापवावयाची, हा एक. दुसरा जर्मन भाषिक एंजिनियर आलोइस रीडलर यांनीं पुढें नेला: हवा एका दमांत न दाबतां दोन टप्प्यांत दाबावयाची व मध्यें ती निववावयाची, म्हणजे दुसऱ्या टप्प्याला श्रम कमी पडतात. आजच्या कारखान्यांतील दोन टप्प्यांचा कॉम्प्रेसर त्याच विचाराचा वंशज आहे.

तरीही लांब अंतरावर शक्ति नेण्याच्या शर्यतींत हवा हरली. १८९० सालीं नायगाऱ्याच्या धबधब्याची शक्ति दूरच्या शहरांस कशी न्यावी याचा विचार करण्यासाठीं नेमलेल्या आंतरराष्ट्रीय मंडळापुढें दाबलेल्या हवेच्याही योजना होत्या. १८९३ सालीं निवड झाली ती उलटसुलट वाहणाऱ्या विजेच्या प्रवाहाची. त्या दिवसापासून हवेचें साम्राज्य आटलें. मैलोगणती अंतरावर राज्य करण्याचें स्वप्न संपलें; उरली ती कारखान्याच्या चार भिंतींमधील जहागीर. पण ती जहागीर तिनें आजतागायत सोडलेली नाहीं.

तिचें कारण त्याच १८९३ सालीं शिकागोच्या जागतिक प्रदर्शनांत पाहावयास मिळालें. चार्ल्स ब्रेडी किंग या तरुण एंजिनियरानें तेथें हवेवर चालणारा हातोडा मांडला होता. रिव्हेट ठोकण्याचें काम, जें पूर्वीं घणवाल्यांच्या जोडीला करावें लागे, तें या हातोड्यानें एका माणसाच्या हातीं आलें. हाच किंग पुढें १८९६ सालीं मार्चच्या सहा तारखेस डेट्रॉइट शहरांत पहिली पेट्रोलची मोटार चालविणारा म्हणून प्रसिद्ध झाला. हवेचें हत्यार आणि मोटारीचें एंजिन यांचा संबंध इतका जुना आहे कीं दोघांचीं पावलें एकाच माणसाच्या चरित्रांत पडलेलीं दिसतात.

हातांतील हत्यारास हवाच कां मानवते, हें त्याची रचना पाहिली म्हणजे ध्यानांत येतें. डाय ग्राइंडरच्या पोलादी नळकांड्यांत मध्यापासून किंचित् बाजूला बसविलेली एक फिरकी असते आणि तिच्या खांचांत सरकणारीं चार-पांच पातीं असतात. हवा या पात्यांना ढकलते व फिरकी फिरते. बस्स, एवढेंच यंत्र. तांब्याच्या तारेचीं वेटोळीं नाहींत, जळण्यासारखें कांहीं नाहीं. म्हणून तें विजेच्या तशाच हत्याराहून पुष्कळ हलकें असतें. कर्तक धातूंत अडकून फिरकी थांबली, तर विजेची मोटर तापून जळेल. हवेची फिरकी नुसती थांबते आणि मोकळी होतांच पुन्हां फिरूं लागते. तासन् तास चालविलें तरी आंतून वाहणारी हवाच त्याला थंड ठेवते. पोर्टाच्या अरुंद वळणांत हात घालून, बोटांच्या टोंकांवर भार तोलून करावयाच्या कामांत हे गुण फार मोलाचे ठरतात. चौदा आणे वाया जातात हें खरें. पण उरलेले दोन आणे नेमक्या जागीं, नेमक्या हातांत पडतात.

या सोयीची किंमत केवळ विजेच्या बिलांत भरली गेली नाहीं, हेंही इतिहासानें नोंदविलें आहे. खडकांत भोंकें पाडणाऱ्या यंत्रांनीं कामाची गति वाढविली तशी धूळही वाढविली. कोरड्या खडकाची ती बारीक धूळ फुप्फुसांत बसे आणि थोड्याच वर्षांत माणूस खंगून मरे. अमेरिकेच्या खाणींत या यंत्रांस ‘विधवा करणारें यंत्र’ असेंच नांव पडलें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉर्ज लेनर यांनीं पोकळ पहारीतून पाणी सोडून धूळ जागींच बसविण्याची युक्ति काढली. युक्ति निघाली म्हणून ती सर्वत्र वापरली गेली असें मात्र झालें नाहीं. १९३० व १९३१ सालीं वेस्ट व्हर्जिनियांतील हॉक्स नेस्ट येथें जवळजवळ शुद्ध गारगोटीच्या खडकांतून बोगदा काढतांना कोरडेंच काम चालविलें गेलें आणि शेंकडों मजूर फुप्फुसांच्या रोगानें मेले. त्यांतील बहुसंख्य काळे मजूर होते. १९३६ सालीं अमेरिकेच्या काँग्रेसपुढें त्याची चौकशी झाली.

दुसरी किंमत हातांनीं भरली. १९१८ सालीं डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन यांनीं इंडियाना संस्थानांतील बेडफर्ड येथील चुनखडीच्या खाणींत जाऊन हवेचे हातोडे वापरणाऱ्या पाथरवटांचे हात तपासले. थंडीच्या सकाळीं त्यांचीं बोटें पांढरीं फटक पडत व बधिर होत. छिन्नी धरणाऱ्या डाव्या हाताला हा विकार अधिक असे. सतत कंप आणि त्यांत थंडी यांचा हा परिणाम, असा निष्कर्ष त्यांनीं मांडला. इंग्लंडांत हा विकार नुकसानभरपाईस पात्र अशा धंद्याच्या रोगांच्या यादींत आला तो १९८५ सालीं, म्हणजे सदुसष्ट वर्षांनीं. एंजिनाचे मार्ग घासणाऱ्याच्या हातांतील हत्यार लहान असलें तरी कंप तोच, सुटणारी हवा तशीच गार आणि उडणारी धातूची धूळ तितकीच सूक्ष्म असते. म्हणून डोळ्यांवर चष्मा, नाकावर पट्टी, हातांत मोजे आणि मधून मधून विसांवा यांचा खर्च हत्याराच्या किंमतींतच धरावयास हवा.

पोर्टिंगच्या विद्येला शास्त्राचें रूप येण्यास विसाव्या शतकाचा दुसरा पाव भाग उजाडावा लागला. इंग्लंडांतील हॅरी वेस्लेक (१८९७–१९७८) यांनीं सिलिंडर हेडच्या मार्गांतून ठराविक दाबाच्या फरकानें हवा वाहवून ती किती वाहते याचें मोजमाप करण्याची पद्धत रूढ केली. १९३५ सालच्या एस्. एस्. जॅग्वार मोटारीसाठीं विल्यम लायन्स यांनीं त्यांच्याकडे एंजिन सोंपविलें. बाजूच्या व्हॉल्व्हचें तें अडीच लिटरांहून थोडें मोठें जुनें एंजिन सत्तर-पंचाहत्तर अश्वशक्तीच्या घरांत होतें. वेस्लेक यांनीं व्हॉल्व्ह माथ्यावर नेऊन व मार्ग नव्यानें घडवून तें शंभराच्या पुढें नेलें. त्यांच्या मोजमापांतून हेंही सिद्ध झालें कीं, मार्ग मोठा केला म्हणजे तो चांगला झाला असें नव्हे. फार रुंद मार्गांत हवेचा वेग मंदावतो आणि कमी फेऱ्यांवर एंजिन निर्जीव होतें. व्हॉल्व्हच्या बैठकीजवळचा कंठ, वळणाची आंतली बाजू, पुढें आलेली कड, येथील थोडासा कीसच पुष्कळ काम करतो. म्हणजे हत्याराची धमक ही संयमानें वापरावयाची वस्तु आहे. काढलेली धातु परत लावतां येत नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळावयास हरकत नाहीं. दुकानांत गेलेला माणूस कॉम्प्रेसरची टाकी किती मोठी आणि दाब किती चढतो, हें प्रथम पाहतो. दोन्ही गोष्टी दिसण्यांत भरतात. पण सोमेये यांच्या बोगद्यापासून पॉपच्या पॅरिसपर्यंतचा अनुभव सांगतो कीं, खरा प्रश्न दाबाचा नाहीं, पुरवठ्याचा आहे. डाय ग्राइंडरला लागणारा दाब चौरस इंचास नव्वद पौंड, म्हणजे बहुतेक कोणताही कॉम्प्रेसर देतो तेवढाच. परंतु त्याची भूक मोठी असते. त्याच्या माहितीपत्रकांत दर मिनिटास चार-पांच घनफूट असा आंकडा छापलेला असतो. तो बहुधा हत्यार मिनिटांतून पंधरा सेकंदच चालतें असें धरून काढलेला असतो. पोर्टिंगमध्यें हत्यार सतत चालतें, आणि मग ती भूक पंधरा-वीस घनफुटांवर जाते.

हिशेब करून पाहावा. टाकी दोनशें लिटरांची आहे आणि तींतील दाब दहा वातावरणांवरून सहावर येईपर्यंत काम चालूं शकतें, असें समजावें. तेवढ्यांत आठशें लिटर, म्हणजे सुमारें अठ्ठावीस घनफूट मोकळी हवा मिळते. मिनिटास पंधरा घनफूट खाणारें हत्यार ती दोन मिनिटांच्या आंतच संपवितें. पाठीमागें मिनिटास पांच घनफूट देणारा लहान कॉम्प्रेसर चालूं असला, तरी काम तीन मिनिटांपर्यंतही पोहोंचत नाहीं; मग टाकी भरण्यासाठीं साडेपांच मिनिटें हात जोडून बसावें लागतें. चार सिलिंडरांच्या एका हेडला आठ मार्ग असतात आणि प्रत्येकाला बराच वेळ लागतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे दिवसाचा मोठा भाग बसण्यांतच जाणार हें उघड आहे. टाकी म्हणजे कोठार होय, शेत नव्हे. कोठार कितीही मोठें असलें तरी पीक येत नसेल तर तें रितें होतेंच.

चांगल्या दोन टप्प्यांच्या कॉम्प्रेसरकडून एका अश्वशक्तीमागें मिनिटास साधारण चार घनफूट हवा मिळते. म्हणजे सतत पोर्टिंग करणाऱ्यास पांच अश्वशक्तीच्या खालीं उतरून चालत नाहीं, आणि एवढ्या यंत्राला बहुधा तीन फेजची वीज लागते. माहितीपत्रकांत पिस्टननें ओढलेल्या हवेचा आंकडा छापलेला असेल, तर प्रत्यक्ष मिळणारी हवा त्याहून चौथ्या-तिसऱ्या हिश्शानें कमी असते, हें विसरूं नये. त्यानंतर नळी: बारीक नळींत व अरुंद जोडांत दाब मरतो, म्हणून आंतून तीन अष्टमांश इंचाची तरी असावी. मग पाणी: दाबलेली हवा निवतांना पाणी टाकते, तें गाळणारें भांडें हत्याराच्या अलीकडे हवें, आणि पात्यांसाठीं तेलाचे थेंब हवेतच. कर्तकही धातु पाहून घ्यावा; बिडाला बारीक दांत्यांचा चालतो, पण ॲल्युमिनमचा मऊ कीस त्या दांत्यांत भरून बसतो, म्हणून त्याला मोठ्या, उघड्या खांचांचा लागतो. लांब दांड्याचा कर्तक मोकळ्या हवेंत पूर्ण वेगानें फिरवूं नये. तो वांकून उडण्याचा धोका असतो. एवढा पुरवठा ज्याला परवडत नसेल, किंवा ज्याला वर्षांतून एखादेंच हेड करावयाचें असेल, त्यानें विजेवरील ग्राइंडर घ्यावा. तो जड असतो, तापतो, मधून मधून थांबवावा लागतो. पण चौदा आणे वाटेंत सांडत नाहीं. अपुऱ्या कॉम्प्रेसरवरील उत्तम हत्यारापेक्षां तो निश्चित बरा.

बोर घाटांतील काम पुरें झाल्यावर पंचाण्णव वर्षांनीं, १९५८ सालीं, त्याच रेल्वेच्या मार्गावरील पुणें शहरांत किर्लोस्कर न्यूमॅटिक ही कंपनी स्थापन झाली आणि हवा दाबण्याचीं यंत्रें तेथें बनूं लागलीं. ज्या घाटांत एके काळीं चाळीस हजार माणसांनीं पहारी चालविल्या, त्याच्या माथ्यावर पहार चालविणारी शक्ति तयार होऊं लागली, ही घटना लहान नव्हे. परंतु यंत्र जवळ आलें म्हणजे हिशेब संपतो असें नाहीं. आल्प्समध्यें पाण्यानें, पॅरिसमध्यें कोळशानें, खाणींत फुप्फुसांनीं आणि सह्याद्रींत नांव नसलेल्या हातांनीं ती किंमत भरली. आजच्या कारखान्यांत ती विजेनें भरली जाते, आणि निष्काळजीपणा असेल तेथें अजूनही बोटांनीं व डोळ्यांनीं. हातांतील हत्यार दिसतें. त्याच्या मागें धडधडणारें यंत्र भिंतीपलीकडे असतें. शहाणा कारागीर आधीं त्या भिंतीपलीकडे पाहतो, आणि मगच हत्यार हातांत घेतो.